पार्टनरकडून आलेली विक्री आणि कमिशनचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या व्यवसायाने ग्राहक पाठवला, त्याने खरेदी केली, की ठरलेला हिस्सा पाठवणाऱ्याला द्यायचा. व्यवहार एवढाच. तरी महिनाअखेरीला "आमच्याकडे चौदा दिसतायत, तुम्ही अकराच कसे धरलेत?" असा मेल येतोच. या पानावर त्या मेलची आणि त्याच्या आसपासच्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बरेचसे प्रश्न कमिशन देणाऱ्या बाजूचे आहेत, पण ज्यांना दुसऱ्यांकडून कमिशन घ्यायचं असतं त्यांच्यासाठीही एक भाग आहे.

रेफरल पार्टनर, ॲफिलिएट आणि रिसेलर यांत फरक काय?

हिशोबाच्या दृष्टीने फरक एकच: बिल कोण फाडतं. रेफरल पार्टनर आणि ॲफिलिएट ग्राहकाला फक्त तुमच्या दारापर्यंत आणतात. बिल तुमचं असतं, पैसे तुमच्याकडे येतात आणि कमिशन तुम्ही देता. रिसेलर माल किंवा सेवा तुमच्याकडून घेऊन स्वतःच्या नावाने विकतो, त्यामुळे त्याचा फायदा खरेदी-विक्रीच्या फरकात असतो. त्याला कमिशनच्या वहीत बसवू नका, तो तुमचा ग्राहक आहे.

रेफरल पार्टनर सहसा ओळखीच्या माणसाची शिफारस करतो, म्हणजे त्याच्याकडून थोडे पण नेमके ग्राहक येतात. ॲफिलिएट मात्र लिंक लावून अनोळखी गर्दी पाठवतो. पहिल्यासाठी फॉर्म आणि फोन पुरतात, दुसऱ्यासाठी लिंकचं ट्रॅकिंग लागतंच.

सुरुवातीला एक्सेल पुरेल का?

पुरेल. पार्टनर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील आणि महिन्याच्या ऑर्डरी डोळ्यांखालून घालता येत असतील तर सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नका. फक्त दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा.

पहिली, पार्टनर आणि ग्राहक नावाने नाही, क्रमांकाने ओळखा. एकच पार्टनर एका ओळीत "श्री एंटरप्रायजेस", दुसऱ्या ओळीत "श्री एंटर." आणि तिसरीत मालकाच्या नावाने लिहिलेला असतो, आणि बेरीज मात्र एकाच नावाची होते. दुसरी, आधीचा आकडा खोडून नवा लिहू नका. बदल झाला तर खाली नवी ओळ घाला. याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण सगळ्या हिशोबाचा कणा तोच आहे.

एक्सेल सोडायची वेळ कधी येते? पार्टनर स्वतःचे आकडे रोज विचारू लागले की. तुम्ही दर आठवड्याला प्रत्येकाला वेगळी शीट कापून पाठवत असाल तर त्या वेळेचा खर्च सॉफ्टवेअरच्या वर्गणीपेक्षा जास्त होतोय, एवढं समजा.

प्रत्येक विक्रीमागे नेमकं काय नोंदवायचं?

कमीत कमी हे: पार्टनरचा क्रमांक, ऑर्डरचा क्रमांक, ग्राहक पहिल्यांदा आल्याची तारीख-वेळ, ऑर्डर झाल्याची तारीख-वेळ, पैसे मिळाल्याची तारीख, कमिशन ज्या रकमेवर काढलं ती रक्कम, त्या दिवशी लागू असलेला दर, आणि ही विक्री या पार्टनरच्या नावावर का धरली त्याचं कारण.

शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात आणि भांडणं त्यांवरूनच होतात. दर पार्टनरच्या पानावर एका ठिकाणी ठेवला आणि ऑर्डरच्या ओळीत लिहिलाच नाही, तर दर दहाचा आठ टक्के केल्याबरोबर मागच्या सगळ्या महिन्यांचे आकडे आपोआप बदलतात. दिलेलं कमिशन आणि अहवालातलं कमिशन जुळेनासं होतं. म्हणून दर ऑर्डरबरोबर गोठवायचा.

कारणाचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. "लिंक", "कूपन", "फॉर्म", "फोनवर सांगितलं, नोंद अमुक कर्मचाऱ्याची", असं काहीही चालेल, पण रिकामं नको. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर त्या दिवशी काय ठरलं होतं हे आठवणीवर सोडता येत नाही.

लिंक, कूपन की फॉर्म? यांतलं काय वापरावं?

ग्राहक कुठून येतो त्यावर अवलंबून आहे.

वेबसाइटवरून किंवा ईमेलमधून येत असेल तर लिंक. प्रत्येक पार्टनरला त्याचा क्रमांक असलेली वेगळी लिंक द्यायची. अनेक जण यासाठी यूटीएमच्या खुणा, म्हणजे ग्राहक कुठून आला ते सांगणारे लिंकच्या शेवटी जोडलेले शब्द, वापरतात. त्या मुळात अर्चिन नावाच्या विश्लेषण सॉफ्टवेअरच्या आहेत, ते २००५ मध्ये गूगलने घेतलं आणि खुणांना नाव तेच राहिलं. गर्दी कुठून येते हे समजायला त्या उत्तम आहेत, पण त्यांच्या भरवशावर पैसे वाटू नयेत. लिंक कुणीही कॉपी करून, खुणा बदलून पुढे पाठवू शकतो.

ग्राहक व्हिडिओ बघून, ऐकून किंवा छापील पत्रकावरून येत असेल तर कूपन कोड. तो माणसाच्या लक्षात राहतो आणि मोबाइल बदलला तरी चालतो. त्याचा दोष असा की तो लवकरच कूपन गोळा करणाऱ्या साइटवर पोचतो, आणि मग ज्याला पार्टनरचं नावही ठाऊक नाही असा ग्राहकही तोच कोड वापरतो.

मोठे सौदे असतील, बोलणी आठवडेच्या आठवडे चालत असतील, तर फॉर्म. पार्टनरने ग्राहकाची माहिती भरायची, तुम्ही "स्वीकारलं" किंवा "हा आमच्याकडे आधीपासून आहे" असं लेखी कळवायचं. उत्तराला मुदत हवी, दोन-तीन कामाचे दिवस. उत्तरच गेलं नाही तर ग्राहक पार्टनरचा धरायचा, असा नियम ठेवला की तुमची विक्री टीम आळस करत नाही.

कुकीचा कालावधी म्हणजे काय? तो किती ठेवावा?

पार्टनरच्या लिंकवर क्लिक केल्यावर ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद राहते, तीच कुकी. ग्राहक लगेच न घेता काही दिवसांनी परत आला तर ती नोंद पाहून विक्री पार्टनरच्या नावावर जाते. ही युक्ती १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी काढली, ती वेबसाइटला परत आलेला माणूस ओळखता यावा म्हणून. कमिशनसाठी तिचा वापर नंतर आला.

कालावधीला एकच बरोबर आकडा नाही. ॲमेझॉनचा पार्टनर कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि त्याची मुदत साधारणपणे फक्त २४ तासांची आहे. दुसरीकडे ३०, ६० किंवा ९० दिवस देणारेही पुष्कळ आहेत. तुमचा ग्राहक पहिल्यांदा बघितल्यापासून पैसे देईपर्यंत साधारण किती दिवस घेतो ते जुन्या ऑर्डरींमधून काढा आणि त्याहून थोडी जास्त मुदत ठेवा. विचार करून घेण्याच्या वस्तूला २४ तास दिले तर पार्टनर काम करेल आणि श्रेय दुसऱ्याला जाईल.

मात्र करारात ९० दिवस लिहिलेत म्हणून कुकी ९० दिवस टिकतेच असं नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१७ पासून पाठलाग रोखणारी यंत्रणा आणली. २०१९ पासून पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी तिथे सात दिवसांत पुसली जाते, आणि ओळखीच्या ट्रॅकरच्या लिंकवरून आलेली तर काही वेळा एका दिवसातच. फायरफॉक्स २०२२ पासून मूळ सेटिंगमध्येच प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो. गूगलने क्रोममधून तृतीय पक्षाच्या (उघडलेल्या साइटच्या नव्हे, दुसऱ्याच साइटच्या) कुकी काढण्याचं २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. म्हणजे ब्राउझर बदलला की तुमचा नियमही नकळत बदलतो. पार्टनरचा आयफोनवाला ग्राहक दहाव्या दिवशी परत आला आणि विक्री "थेट आलेली" दिसली, तर पार्टनर खोटं बोलत नाहीये.

मग कुकीवर विसंबून न राहता काय करायचं?

नोंद ब्राउझरऐवजी आपल्या सर्व्हरवर ठेवायची. याला पोस्टबॅक किंवा सर्व्हर-टू-सर्व्हर ट्रॅकिंग म्हणतात. क्लिक झाली की तिला एक वेगळा क्रमांक द्यायचा. ग्राहकाने खातं उघडलं किंवा फॉर्म भरला की तो क्रमांक त्याच्या खात्याला जोडून टाकायचा. पुढे त्याने दुसऱ्या यंत्रावरून, दुसऱ्या ब्राउझरमधून खरेदी केली तरी खातं तेच असल्याने दुवा तुटत नाही. पैसे मिळाले की तुमचा सर्व्हर पार्टनरच्या सर्व्हरला तो क्रमांक आणि रक्कम कळवतो.

हे बसवताना एक गोष्ट आवर्जून पहा. निरोप पोचला की नाही हे न कळल्यास सर्व्हर तो पुन्हा पाठवतो, आणि एकच ऑर्डर दोनदा मोजली जाते. घेणाऱ्या बाजूने ऑर्डर क्रमांक तपासून "हा आधीच आलाय" असं ओळखलं पाहिजे. शिवाय निरोप खरोखर तुमच्याकडूनच आलाय याची खात्री पटवणारी डिजिटल सही हवी, नाहीतर ज्याला पत्ता कळला तो घरबसल्या विक्री "घडवू" शकतो.

दोन पार्टनर एकाच ग्राहकावर हक्क सांगतात. कमिशन कुणाला?

तुमच्या नियमात आधी जे लिहिलंय त्याला. नियम नसेल तर कुठलंही उत्तर एकाला अन्यायच वाटणार.

सर्वांत रूढ नियम शेवटच्या क्लिकचा. खरेदीच्या आधी शेवटी ज्याच्या लिंकवरून ग्राहक आला त्याला सगळं. राबवायला सोपा, म्हणून लोकप्रिय. पण तो सविस्तर परीक्षण लिहिणाऱ्याला मारतो आणि पैसे भरण्याच्या पानावर कूपन दाखवणाऱ्याला जगवतो. ग्राहकाने आधीच ठरवलेलं असतं, तो फक्त सवलत शोधायला बाहेर पडतो आणि परत येताना कुणाची तरी कुकी घेऊन येतो. माझ्या मते कूपन साइटना वेगळा, कमी दर ठेवणं हा यावरचा सर्वांत कमी कटकटीचा तोडगा आहे.

पहिल्या क्लिकचा नियम ओळख करून देणाऱ्याला मान देतो. शिफारशीवर चालणाऱ्या व्यवसायांना तो शोभतो. विभागून देण्याचाही पर्याय आहे, उदाहरणार्थ ओळख करून देणाऱ्याला ६० आणि सौदा पुरा करायला मदत करणाऱ्याला ४० टक्के. कागदावर हा सर्वांत न्याय्य वाटतो, पण प्रत्येक महिन्याला तो समजावून सांगावा लागतो. दोन पार्टनर खरोखर मिळून काम करत असतील तरच त्याच्या वाटेला जा.

आणखी एक पेच तुमच्याच घरातला असतो. पार्टनरने पाठवलेल्या ग्राहकाने मधे तुमच्या सशुल्क जाहिरातीवरही क्लिक केलेली असते. जाहिरात विभाग ती विक्री स्वतःची म्हणतो, पार्टनर विभाग स्वतःची, आणि दोघांची बेरीज एकूण विक्रीच्या पुढे जाते. अहवाल हवे तितके वेगळे असू द्या, पण कमिशन कुठल्या एका वहीतून निघतं हे ठरलेलं असावं.

कमिशन कोणत्या रकमेवर काढायचं?

"विक्रीच्या दहा टक्के" असं करारात लिहिलेलं असतं आणि विक्री म्हणजे काय हे कुणीच लिहिलेलं नसतं. एक ऑर्डर घेऊ. मूळ किंमत १०,०००. सवलत १,०००. उरलेल्या ९,००० वर दहा टक्के कर, म्हणजे ९००. पोचवण्याचे २००. ग्राहकाने भरले १०,१००.

मूळ किमतीवर दहा टक्के धरले तर कमिशन १,०००. ग्राहकाने भरलेल्या रकमेवर धरले तर १,०१०. सवलत वजा करून, कर आणि पोचवण्याचा खर्च वगळून धरले तर ९००. तिन्ही उत्तरं "दहा टक्के"च आहेत.

बहुतेक ठिकाणी तिसरी पद्धत असते आणि तीच ठेवावी. कर तुमचा नसतो, तुम्ही तो फक्त गोळा करून पुढे भरता, त्यावर कमिशन देण्यात अर्थ नाही. सवलतीचं मात्र नीट ठरवा. सवलत पार्टनरच्याच कूपनमुळे गेली असेल तर कमी रकमेवर कमिशन ठीक आहे. पण तुम्ही स्वतःहून सेल लावला आणि पार्टनरचं उत्पन्न त्यामुळे घटलं, तर तो विचारणारच.

ग्राहकाने माल परत केला किंवा पैसे परत मागितले तर?

इथेच वही कशी लिहिता त्याची कसोटी लागते. वरचीच ऑर्डर पुढे नेऊ. पहिल्या तारखेला ऑर्डर झाली, ९०० कमिशन "प्रलंबित" म्हणून लिहिलं. १२ तारखेला ग्राहकाने ३,००० चा एक नग परत केला. मूळ ९०० खोडून ६०० करायचं नाही. खाली नवी ओळ: तीच ऑर्डर, वजा ३००, कारण "एक नग परत". परत करण्याची ३० दिवसांची मुदत संपली की शिल्लक ६०० "मंजूर" होते. पुढच्या फेरीत ते पार्टनरच्या खात्यावर जातात, तेव्हा आणखी एक ओळ: दिले ६००.

समजा त्यानंतर, मुदत संपूनही, तुम्ही ग्राहकाची बाजू पटून आणखी २,००० परत केले. आता कमिशन दिलेलं आहे. इथे वजा २०० ची ओळ घालून ते पुढच्या पेआउटमधून कापता येतं, किंवा तुम्ही स्वतः सोसता. मुदतीनंतर दिलेली सूट हा तुमचा निर्णय होता, त्यामुळे मी ती सोसण्याच्या बाजूचा आहे. पण कार्डाच्या बँकेमार्फत आलेली वादग्रस्त रक्कम वेगळी. ती महिन्यांनंतरही येऊ शकते आणि ती कापण्याचा हक्क करारात राखून ठेवावा.

जमाखर्च लिहिणाऱ्यांना यात नवीन काही नाही. चुकलेली नोंद खोडायची नाही, उलट नोंद करायची, हे खातेवहीत पूर्वापार चालत आलंय. कमिशनच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच तपासून घ्या: बदल केला की जुना आकडा दिसत राहतो की नाहीसा होतो? नाहीसा होत असेल तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

"प्रलंबित" कमिशन किती दिवस ठेवणं योग्य?

परत करण्याच्या मुदतीइतकं, वर चार-पाच दिवस. त्याहून जास्त रोखून धरलं तर पार्टनरला ते त्याच्या पैशावर चाललेलं तुमचं भांडवल वाटतं, आणि ते फारसं चूकही नसतं. प्रत्येक प्रलंबित रकमेपुढे ती कोणत्या तारखेला मोकळी होईल हे दाखवा. एवढ्याने "माझे पैसे कुठे आहेत" असे निम्मे मेल येणं बंद होतं.

किमान पेआउटची रक्कम ठेवायला हरकत नाही, कारण प्रत्येक हस्तांतरणाला शुल्क लागतं. पण छोट्या पार्टनरची वर्षानुवर्षं न निघालेली शिल्लक हे तुमचं देणं आहे. ती गुपचूप शून्य करणं बरं नव्हे, आणि काही देशांत न उचललेल्या रकमांसाठी वेगळे कायदेही आहेत.

मासिक वर्गणीवर कमिशन कसं धरायचं?

तीन पद्धती दिसतात: पहिल्या महिन्यावर एकदाच मोठी रक्कम, ठरावीक काळ (बहुधा पहिले १२ महिने) दर महिन्याला टक्केवारी, किंवा ग्राहक असेपर्यंत कायम. कायमची टक्केवारी ऐकायला छान वाटते, पण पाच वर्षांनी ज्या पार्टनरशी बोलणंही होत नाही त्याला पैसे जात राहतात, आणि ते थांबवायला गेलं की वाद होतो. बारा महिन्यांची पद्धत दोघांनाही समजते.

हिशोबात तीन जागा आधी ठरवा. ग्राहकाने महागडी योजना घेतली तर वाढलेल्या रकमेवर कमिशन आहे का? ग्राहक दोन महिने थांबून परत आला तर बारा महिन्यांचं घड्याळ पुढे चालतं की पुन्हा सुरू होतं? आणि वार्षिक रक्कम एकदम भरली तर कमिशन एकदम की महिन्यागणिक? एकदम दिलंत आणि तिसऱ्या महिन्यात ग्राहकाने उरलेले पैसे परत घेतले तर मोठी वजावट होते, म्हणून दोन हप्त्यांत देणारे बरेच आहेत.

आमचे आणि पार्टनरचे आकडे कधीच जुळत नाहीत. का?

थोडा फरक राहणारच. तो कुठून येतो ते कळलं की डोकेदुखी कमी होते. पहिलं कारण घड्याळ. एकाच्या यंत्रणेत आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ आहे आणि दुसऱ्याच्या यंत्रणेत स्थानिक, म्हणून महिन्याच्या शेवटच्या रात्रीच्या ऑर्डरी एकाकडे या महिन्यात आणि दुसऱ्याकडे पुढच्या महिन्यात पडतात. दुसरं, एक जण ऑर्डर झाल्याची तारीख धरतो आणि दुसरा पैसे आल्याची. तिसरं, पार्टनर क्लिक मोजतो आणि तुम्ही माणसं मोजता, आणि क्लिकमध्ये यंत्रांचे, सर्च इंजिनांचे आणि ईमेल आधीच तपासणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरचेही क्लिक असतात. चौथं, रद्द झालेल्या आणि चाचणी म्हणून केलेल्या ऑर्डरी.

ताळमेळ घालताना बेरजेवर वाद घालू नका. दोन्हीकडच्या ऑर्डर क्रमांकांच्या याद्या घ्या, एकाशेजारी एक ठेवा, आणि जे एकीकडेच आहेत तेवढेच बघा. चौदा विरुद्ध अकरा असेल तर तीनच ओळी उरतात, आणि त्या तिन्हींचं कारण सहसा दहा मिनिटांत सापडतं.

फोनवरून किंवा प्रत्यक्ष आलेल्या रेफरलचं काय?

"तुम्हाला आमच्याबद्दल कुणी सांगितलं?" हा प्रश्न ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येकाने विचारायचा आणि उत्तर तिथल्या तिथे नोंदवायचं. पर्याय मोकळे न ठेवता पार्टनरांची यादी समोर असावी. मोठ्या पार्टनरांसाठी वेगळा फोन नंबरही घेता येतो. पार्टनरने ग्राहकाची चिठ्ठी किंवा मेल आधीच पाठवलेला असेल तर ग्राहकाने नाव घेतलं नाही तरी त्याचं श्रेय त्याला द्या. माणसं कुणी सांगितलं ते विसरतात, त्याची शिक्षा पार्टनरला नको.

फसवणूक कशी ओळखायची?

सर्वांत साधा प्रकार स्वतःच स्वतःला पाठवण्याचा. पार्टनर आपल्याच लिंकवरून खरेदी करतो आणि कमिशनला सवलत म्हणून वापरतो. काही व्यवसाय याला परवानगी देतात, काही नाही, फक्त ते लिहून ठेवा. पार्टनरचा आणि ग्राहकाचा पत्ता, फोन किंवा पैसे भरण्याचं साधन एकच असेल तर यंत्रणेने खूण करावी.

दुसरा प्रकार गंभीर आहे: ग्राहकाने लिंकवर क्लिक न करताच त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी टाकणं. ईबेच्या पार्टनर कार्यक्रमाला असं लुबाडल्याबद्दल अमेरिकेत दोन बड्या ॲफिलिएटना २०१४ मध्ये तुरुंगवास झाला. ओळखायची खूण म्हणजे क्लिक प्रचंड, त्यांतून खरेदी नगण्य, आणि जी खरेदी होते ती तुमच्या नेहमीच्या ग्राहकांची. एखाद्या पार्टनरचे "नवे" ग्राहक तपासले आणि बहुतेकांच्या जुन्या ऑर्डरी निघाल्या तर समजून जा.

तिसरा प्रकार म्हणजे सवलत शोधून देणारी ब्राउझर एक्सटेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर), जी पैसे भरताना आपली लिंक घुसवतात आणि आधीच्या पार्टनरची नोंद पुसून टाकतात. क्लिक आणि खरेदी यांत काही सेकंदांचंच अंतर असलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढून बघा.

एक सूचना मात्र. संशय आला की लगेच पैसे गोठवू नका. आधी नोंदी दाखवून विचारा. अचानक वाढलेल्या विक्रीमागे कधी कधी पार्टनरने मनापासून चालवलेली मोहीमही असते.

आम्हीच दुसऱ्यांकडे ग्राहक पाठवतो. त्यांनी कमिशन बरोबर दिलं हे कसं कळणार?

त्यांच्या डॅशबोर्डवर पूर्ण भिस्त ठेवू नका. तुम्ही कुणाला, कधी, कुठे पाठवलं याची स्वतःची नोंद असली पाहिजे. लिंकमध्ये स्वतःची उपखूण जोडता येते का पहा. ॲफिलिएट आणि व्यवसाय यांना जोडून देणारी बहुतेक नेटवर्क ही सोय देतात. म्हणजे कमिशनची ओळ आली की ती कुठल्या लेखातून किंवा मेलमधून आली ते कळतं.

मग तीन रकाने: पाठवले, त्यांनी मान्य केले, पैसे प्रत्यक्ष बँकेत आले. दुसरा आणि तिसरा रकाना यांतला फरक म्हणजे तुमचं येणं. त्याला वय लावा: ३० दिवसांचं, ६० दिवसांचं, ९० च्या पुढचं. ज्या भागीदाराकडचं येणं ९० च्या पुढे साचतंय त्याची आठवण काढायला महिनाअखेरीची वाट बघू नका. अधूनमधून स्वतःच्या लिंकवरून एखाद्या ओळखीच्याला खरी खरेदी करायला सांगून ती नोंदली जाते का हे तपासता येतं, पण आधी त्यांच्या नियमांत ते चालतं का ते वाचा.

ग्राहकाला हे सांगावं लागतं का? आणि त्याची माहिती पार्टनरला द्यावी का?

शिफारशीमागे पैसे असतील तर ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, हा नियम आता बऱ्याच देशांत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचना १९८० पासूनच्या आहेत आणि २०२३ मध्ये त्या पुन्हा सुधारल्या गेल्या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिणं पुरत नाही, लिंकच्या जवळच स्पष्ट लिहावं. "या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं" हे वाक्य पुरेसं आहे.

माहितीच्या बाबतीत हात आखडता ठेवा. पार्टनरला ऑर्डर क्रमांक, तारीख आणि रक्कम पुरते. नाव, फोन, पत्ता द्यायचं कारण नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर नियमांखाली वैयक्तिक माहिती देण्याला कायदेशीर आधार लागतो, आणि कमिशनसाठीच्या कुकीला तिथे आधी संमती घ्यावी लागते. संमती नाकारणाऱ्यांची विक्री ट्रॅक होणार नाही, हे पार्टनरला सुरुवातीलाच सांगून टाका.

कराचं काय?

कमिशन घेणाऱ्याचं उत्पन्न आहे आणि देणाऱ्याचा खर्च. काही देशांत देतानाच कर कापून घ्यावा लागतो, काही ठिकाणी पार्टनरने बिल दिल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, आणि सीमेपलीकडच्या पार्टनरला आणखी वेगळे कागद लागतात. पहिलं पेआउट करण्याआधी हिशोबनिसाला विचारा. वर्षाच्या शेवटी प्रत्येक पार्टनरची कर क्रमांकासाठी मनधरणी करण्यापेक्षा नोंदणीच्या वेळीच तो मागून घेणं सोपं.

भागीदारी थांबवायची असेल तर राहिलेलं कमिशन?

करार संपण्याच्या तारखेआधी ज्या ग्राहकाने क्लिक केली किंवा ज्याचा फॉर्म स्वीकारला गेला, त्याची मुदतीतली खरेदी पार्टनरचीच. लिंक बंद करण्याआधी किमान महिनाभराची सूचना द्या, कारण जुन्या लेखांतल्या आणि पत्रकांतल्या लिंका एका दिवसात काढता येत नाहीत. बंद केलेली लिंक चुकीच्या पानावर न जाता तुमच्या मुख्य पानावर जाईल एवढं बघा. प्रलंबित ओळी मोकळ्या होईपर्यंत खातं चालू ठेवा, शेवटची रक्कम किमान पेआउटपेक्षा कमी असली तरी द्या, आणि त्या पार्टनरच्या सगळ्या ओळींची प्रत त्याला पाठवून खातं बंद करा.